समुद्राकाठचे घर, घामाचा पैसा आणि परदेशातला कायदा

परदेशात समुद्राकाठी घर घ्या, वर्षातून पंधरा दिवस तिथे राहा, बाकीचे वर्ष ते पर्यटकांना भाड्याने द्या आणि घरबसल्या कमवा. अशा जाहिराती आता आपल्याही मोबाइलवर येऊ लागल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत शनिवार-रविवारी परदेशी घरांची प्रदर्शने भरतात. प्रवेश फुकट, चहा-नाश्ता फुकट, आणि बाहेर पडताना हातात गुळगुळीत कागदावरचे रंगीत माहितीपत्रक.

एका पिढीपूर्वी हा आपला विषयच नव्हता. आज आपली मुले-मुली आयटीत आहेत, बँकेत आहेत, आखातात आणि युरोपात नोकरी करीत आहेत. आई-वडील निवृत्त होतात तेव्हा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हातात येते. बऱ्याच घरांत तो आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला मोठा आकडा असतो. म्हणजे विकणाऱ्यांच्या यादीत आता आपलीही नावे गेली आहेत. त्यामुळे या व्यवहाराचे अर्थकारण आपणही समजून घेतले पाहिजे.

या व्यवहारातला सर्वात मोठा धोका कोणता? भाव पडण्याचा धोका आहे, बांधकामाच्या दर्जाचाही आहे. पण त्याहून मोठा धोका दुसराच आहे. घर उभे राहण्याआधी तुम्ही दिलेला पैसा कोणाच्या खात्यात बसतो आणि त्या खात्यावर कोणत्या देशाच्या कायद्याची नजर असते, तिथे तो धोका आहे. समुद्र, नारळाची झाडे आणि पोहण्याचा तलाव चित्रात दिसतात. खाते चित्रात दिसत नाही.

नऊ हजार घरे विकली, दोनशेही बांधली नाहीत

हे समजण्यासाठी ब्रिटनमधील हार्लेक्विन प्रकरण पाहू. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील डेव्हिड एम्स नावाच्या माणसाने हार्लेक्विन नावाचा उद्योगसमूह उभारला. कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट, बार्बाडोस, सेंट लुशिया, डॉमिनिकन रिपब्लिक अशा ठिकाणी आलिशान हॉटेले आणि सुट्टीतील घरे बांधण्याच्या योजना त्याने विकल्या. विक्री ऑफ-प्लॅन होती, म्हणजे नकाशावर. ग्राहकाने घराच्या किमतीच्या ३० टक्के रक्कम आधी भरायची आणि उरलेली ताबा मिळताना द्यायची.

आता या ३० टक्क्यांचे काय होत होते ते पाहा. ब्रिटनच्या सिरियस फ्रॉड ऑफिसने, म्हणजे मोठ्या आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, जे न्यायालयापुढे मांडले त्यानुसार त्यातली निम्मी रक्कम कंपनीचे शुल्क आणि विक्री करणाऱ्यांची दलाली यांत जात होती. बांधकामासाठी उरत होती ती उरलेली निम्मी, म्हणजे घराच्या किमतीच्या १५ टक्के.

साधा हिशेब करू. समजा एक घर बांधायला विक्रीच्या किमतीच्या निम्मा खर्च येतो. प्रत्येक ग्राहकाकडून बांधकामाला १५ टक्केच मिळत असतील, तर एक घर उभे करायला तीनहून अधिक ग्राहकांचा पैसा लागेल. मग त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्राहकाचे घर कशातून बांधायचे? त्यासाठी आणखी ग्राहक आणायचे. जुन्यांची देणी नव्यांच्या पैशातून भागवण्याची ही पद्धत आपल्याकडच्या चिटफंड आणि साखळी योजनांपेक्षा वेगळी नाही. फक्त इथे दाखवायला समुद्र आहे.

निकाल काय लागला? सुमारे नऊ हजार घरे विकली गेली. पूर्ण झाली ती दोनशेहून कमी. शंभर ग्राहकांमागे जेमतेम दोन घरे. आठ हजारांहून अधिक लोकांचे मिळून २२ कोटी ६० लाख पौंड बुडाले. सरासरी काढली तर एका माणसामागे सुमारे २८ हजार पौंड. सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनच्या सदर्क क्राउन कोर्टाने एम्सला १२ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. पण हा समूह कोसळायला २०१३ सालीच सुरुवात झाली होती. म्हणजे लोकांना शिक्षेची बातमी वाचायला नऊ वर्षे लागली, आणि शिक्षा झाली म्हणून पैसा परत आला असे नाही.

बुडाले ते कोण?

परदेशात सुट्टीचे घर घेणारा म्हणजे श्रीमंतच असणार, असे आपल्याला वाटते. इथे तसे नव्हते. यातल्या अनेकांनी आयुष्यभराची बचत आणि पेन्शनचा पैसा घातला होता. ब्रिटनमध्ये स्वतःच्या पेन्शनचा पैसा कुठे गुंतवायचा हे ठरवण्याची मुभा देणारी खाती असतात. ठरलेली आणि सुरक्षित पेन्शन सोडून पैसा अशा खात्यात वळवा आणि तिथून या घरांत घाला, असा सल्ला काही आर्थिक सल्लागारांनी दिला. परदेशातील घरांची विक्री तिथल्या वित्तीय नियामकाच्या कक्षेत नव्हती. पेन्शनविषयीचा सल्ला मात्र होता. जानेवारी २०१३ मध्ये नियामकाने सल्लागारांना बजावले की पैसा ज्या मालमत्तेत जाणार आहे तिची तपासणी केल्याशिवाय पेन्शन हलवण्याचा सल्ला देता येणार नाही. तोवर बहुतेकांचा पैसा गेलेला होता. ज्यांना अधिकृत सल्लागाराने सल्ला दिला होता त्यांच्यापैकी काहींना तिथल्या भरपाई योजनेतून ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळाली. ज्यांनी थेट कंपनीला पैसे दिले होते त्यांना तो मार्गही नव्हता.

दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे, कारण ती श्रमिकांची आहे. सेंट व्हिन्सेंटमधील बकामेंट बे हे या समूहाचे सर्वात पुढे गेलेले काम. २०१० च्या सुमारास ते अर्धवट स्थितीत सुरू झाले. तिथे नामांकित फुटबॉल क्लब आणि टेनिसपटू यांच्या नावाने प्रशिक्षण वर्ग चालत, त्यामुळे लोकांचा भरवसा वाढला. २०१६ च्या अखेरीस हॉटेल बंद पडले. तोवर तिथल्या कामगारांचे पगार थकले होते. जेमतेम लाखभर लोकसंख्येच्या देशात एवढे मोठे हॉटेल बंद पडते तेव्हा स्वयंपाकी, सफाई कामगार, बागकाम करणारे, भाजी पुरवणारे असे सगळेच उघड्यावर येतात. एसेक्समधला पेन्शनर आणि सेंट व्हिन्सेंटमधली सफाई कामगार, दोघांनीही एकमेकांना कधी पाहिले नाही. दोघांचाही पैसा एकाच यंत्रात अडकला. पुढे त्याच किनाऱ्यावर सँडल्स या मोठ्या हॉटेल कंपनीचे रिसॉर्ट २०२४ साली सुरू झाले. जागा चांगलीच होती. त्या जागेने आठ हजारांहून अधिक ग्राहकांना मात्र वाचवले नाही.

'आमच्यावर कर्ज नाही' या वाक्याचा अर्थ

असेच दुसरे प्रकरण अमेरिकेतून चालवले गेले. मध्य अमेरिकेतील बेलीझ या देशात सुमारे १४ हजार एकरांवर 'सँक्चुअरी बेलीझ' नावाने भूखंड विकले जात होते. ग्राहक बहुतेक अमेरिकन होते आणि त्यांत निवृत्तीकडे झुकलेल्यांची संख्या मोठी होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायालयाकडून हा व्यवहार थांबवला आणि परदेशी मालमत्तेतील आपण हाताळलेली ही सर्वात मोठी फसवणूक असल्याचे म्हटले. २०२० मध्ये मेरीलँडच्या फेडरल न्यायालयाने निकाल दिला आणि १२ कोटी डॉलरहून अधिक रकमेची जबाबदारी सूत्रधारांवर टाकली.

इथे ग्राहकांना काय सांगितले गेले ते आपल्या कामाचे आहे. आमच्या डोक्यावर बँकेचे कर्ज नाही, म्हणून प्रकल्प सुरक्षित आहे. भूखंड विकून येणारा प्रत्येक पैसा विकासकामातच जातो. काही वर्षांत सगळ्या सोयी तयार होतील. किंमत दोन-तीन वर्षांत दुप्पट-तिप्पट होईल. विकायचे झाले तर गिऱ्हाईक सहज मिळेल. न्यायालयाला ही विधाने खोटी आढळली. प्रकल्पामागचा मुख्य माणूस आंद्रिस पुके याच्यावर याच आयोगाने यापूर्वीही दुसऱ्या प्रकरणात कारवाई केली होती, आणि तो या प्रकल्पात आहे हे ग्राहकांपासून लपवले गेले.

'आमच्यावर कर्ज नाही' हे ऐकायला चांगले वाटते. आपल्या समाजाने सावकाराचा फास पाहिला आहे, त्यामुळे कर्ज नसणे हा आपल्याला गुणच वाटतो. पण बिल्डरच्या बाबतीत याचा अर्थ उलटाही असू शकतो. बँक कर्ज देते तेव्हा ती कागदपत्रे तपासते, बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे पैसे सोडते, जमीन तारण ठेवते. बिल्डरवर बँकेचे कर्ज नाही याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो की तपासणारे कोणी नाही आणि सगळा धोका ग्राहकाच्या पैशावर आहे.

कायदा असेल तर काय होते: स्पेनचे उदाहरण

कोणी म्हणेल, परदेशात घर घेणारे सगळेच बुडतात का? नाही. स्पेनचे उदाहरण पाहा. तिथे १९६८ पासून एक कायदा होता. बांधकामाआधी ग्राहकाकडून घेतलेला पैसा बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि त्याला बँकेची किंवा विमा कंपनीची हमी द्यायची. २००८ नंतर स्पेनचा बांधकाम व्यवसाय कोसळला, तेव्हा किनाऱ्यावरची हजारो घरे अर्धवट राहिली. अनेक बिल्डरांनी हमी दिलीच नव्हती. पण डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्या बँकेने ग्राहकांचा असा पैसा आपल्या खात्यात घेतला आणि हमीची खात्री केली नाही, ती बँकही जबाबदार आहे. त्यानंतर अनेक परदेशी ग्राहकांना बँकांकडून पैसे परत मिळवता आले.

समुद्र तोच, बिल्डर तसेच, मंदीही तीच. फरक पडला तो खात्याने आणि त्या खात्यामागच्या कायद्याने. तरीही ज्यांना पैसे मिळाले त्यांना वर्षानुवर्षे, परक्या भाषेत, परक्या न्यायालयात लढावे लागले हे विसरू नका.

आपल्याकडेही हेच तत्त्व आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार बिल्डरने ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेतील ७० टक्के रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवायची असते आणि ती जमीन व बांधकाम यांवरच खर्च करायची असते. महाराष्ट्रात महारेरा मे २०१७ पासून काम करते. तिच्यात त्रुटी आहेत, पण तक्रार कुठे करायची हे तरी माहीत आहे. परदेशातील प्रकल्पाला हा कायदा लागू होत नाही. विकणारा दलाल पुण्याचा असेल, मराठी बोलत असेल, त्याच्या कार्डावर रेराचा नोंदणी क्रमांकही असेल. तो क्रमांक भारतातील प्रकल्पांच्या विक्रीसाठी असतो. परदेशातील इमारत अर्धवट राहिली तर महारेरा तुमच्यासाठी काही करू शकत नाही.

दुबई आणि आपले लोक

भारतीयांसाठी हा विषय सर्वात जवळ येतो तो दुबईत. तिथे घर घेणाऱ्या परदेशी लोकांत भारतीय वर्षानुवर्षे आघाडीवर आहेत. दुबईने २००७ मध्ये कायदा करून ऑफ-प्लॅन विक्रीचा पैसा एस्क्रो खात्यात, म्हणजे बांधकामाच्या प्रगतीप्रमाणेच पैसा सोडणाऱ्या राखीव खात्यात, ठेवणे बंधनकारक केले. ही चांगली गोष्ट आहे. पण लगेच पुढच्या वर्षी जागतिक मंदी आली. घरांचे भाव निम्म्यावर आले, अनेक प्रकल्प रद्द झाले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीने कर्जफेडीसाठी मुदत मागितली. समुद्रात भराव टाकून केलेली 'द वर्ल्ड' ही सुमारे ३०० बेटे पुढेही बहुतांशी ओसाडच राहिली. एस्क्रो खाते पैसा पळवण्यापासून वाचवते. भाव पडण्यापासून वाचवत नाही.

भारतात राहून परदेशात घर घ्यायचे तर आपल्या देशाचे नियमही आहेत, आणि प्रदर्शनात ते क्वचितच सांगितले जातात.

पहिला नियम मर्यादेचा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार एक व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते. दिरहमचा दर डॉलरला बांधलेला असल्याने हे सुमारे ९ लाख १८ हजार दिरहम होतात. दुबईच्या दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसाचे आमिष दाखवले जाते. मालमत्तेच्या मार्गाने तो मिळवायला २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. म्हणजे एका व्यक्तीच्या एका वर्षाच्या मर्यादेत ते बसतच नाही.

दुसरा नियम कर्जाचा. यासाठी पैसे पाठवायला भारतातील बँक कर्ज देऊ शकत नाही. 'ताबा घ्या आणि नंतर पाच वर्षे हप्ते भरा' अशा योजना परदेशी कर्जात मोडू शकतात आणि फेमा कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो. सही करण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारा, आणि तो त्या दलालाने सुचवलेला नसावा.

तिसरा नियम कराचा. वर्षात १० लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम अशा गुंतवणुकीसाठी पाठवली तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. ६० लाख पाठवायचे तर १० लाख आणखी हाताशी हवेत. विवरणपत्र भरल्यावर ते वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात.

चौथा नियम जाहीर करण्याचा. परदेशातील मालमत्ता दरवर्षी प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावी लागते. ती लपवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. कमाई जाहीर केलेली नसेल तर कर आणि त्याच्या तिप्पट दंड, असे मिळून मालमत्तेच्या किमतीहूनही जास्त भरावे लागू शकते. 'सगळे असेच करतात' म्हणून रोखीने किंवा हवालाने पैसे पोहोचवणारा माणूस तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे हे लक्षात ठेवा.

आणि मालकीचा प्रश्न आहेच. प्रत्येक देशात परदेशी माणसाला जमिनीचा मालक होता येत नाही. थायलंडमध्ये परदेशी माणसाला सर्वसाधारणपणे जमीन घेता येत नाही. इमारतीतील सदनिका घेता येते, पण एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. त्यापुढे बंगला विकायचा तर ३० वर्षांचा भाडेपट्टा किंवा स्थानिक माणसाच्या नावावरची कंपनी पुढे केली जाते. गावाकडे दुसऱ्याच्या नावावर जमीन घेतल्यावर काय होते ते आपण पाहिले आहे. परदेशात त्याहून वेगळे होण्याचे कारण नाही.

भाड्याची हमी आणि 'आपला माणूस'

या विक्रीत दोन गोष्टी सर्वात जास्त काम करतात. पहिली भाड्याची हमी. 'पहिली तीन वर्षे आठ टक्के भाडे नक्की' असे सांगतात. ही हमी देतो कोण? बिल्डरच. बिल्डर बुडाला तर हमीही बुडाली. शिवाय घराची किंमत आधीच वाढवून लावली, तर तीन वर्षे तुम्हाला मिळणारे भाडे हा तुमचाच पैसा असतो, हप्त्याहप्त्याने परत आलेला. चौथ्या वर्षी खरे भाडे, देखभाल खर्च, व्यवस्थापनाचे शुल्क आणि रिकामे महिने हे सगळे दिसू लागते.

दुसरी गोष्ट ओळखीची. ज्या समाजाला बँका, कायदे आणि बाजार यांच्यापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले, त्या समाजाकडे माहिती पोहोचते ती माणसांमार्फत. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. वस्तीतला, कार्यालयातला, संघटनेतला ओळखीचा माणूस हेच आपले वर्तमानपत्र आणि तोच आपला सल्लागार. हे आपले बळ आहे. दलालीचा धंदा याच बळावर चालतो. हार्लेक्विनमध्ये किमतीचा मोठा वाटा शुल्क आणि दलालीत का गेला? कारण अनोळखी माणूस घर विकू शकत नव्हता, विश्वासातला सल्लागार विकू शकत होता. म्हणून सांगणारा आपला आहे का, एवढ्यावर थांबू नका. हे घेतल्यावर त्याला किती मिळणार आहे, हेही तोंडावर विचारा. प्रामाणिक माणूस रागावणार नाही.

सही करण्याआधी

कार्यकर्त्यांनी वस्तीत, वसतिगृहात, कर्मचारी संघटनेत हे प्रश्न सांगावेत. पैसा कोणत्या बँकेच्या, कोणाच्या नावच्या खात्यात जाणार? ते एस्क्रो खाते आहे का, आणि त्या देशाच्या सरकारी नोंदीत ते स्वतः पाहता येते का? जमीन कोणाच्या नावावर आहे? या बिल्डरने पूर्ण करून ताबा दिलेली एखादी इमारत आहे का, आणि तिथल्या रहिवाशांशी बोलता येईल का? काम थांबले तर तक्रार कोणत्या न्यायालयात, कोणत्या भाषेत करायची? कागदपत्रे पाहणारा वकील मी नेमला आहे की बिल्डरने? आज प्रदर्शनातच विसार भरा, उद्या भाव वाढेल, असे कोणी म्हणत असेल तर त्या दिवशी पैसे न भरणे हेच उत्तर.

शेवटी प्रश्न रकमेचाही आहे. पिढीजात संपत्ती असलेल्या घरात एक गुंतवणूक बुडाली तर सुट्टी बुडते. आपल्या बऱ्याच घरांत ती बुडाली तर बहिणीचे शिक्षण थांबते, आई-वडिलांचे औषध थांबते आणि पुन्हा कर्ज सुरू होते. आपल्यामागे सावरायला दुसरी जमीन नाही, दुसरे दुकान नाही. निवृत्तीची सगळी रक्कम, शिक्षणाचा पैसा किंवा राहते घर तारण ठेवून काढलेला पैसा अशा व्यवहारात घालू नये, मग माहितीपत्रक कितीही सुंदर असो. ज्याच्या जवळ हे सगळे बाजूला ठेवूनही उरते, त्याने नियम पाळून, तयार झालेले आणि ताबा मिळणारे घर जरूर घ्यावे. न बांधलेल्या घरासाठी पूर्ण भरवसा देण्याची चैन आपल्याला अजून परवडणारी नाही.